राहीबाई गाव व्हायची

राहीबाईला हसताना मी कधी पाहिलं नाही. तिच्या नवऱ्याच्या मते ती लग्नात एकदा हसली होती, पण तो माणूस म्हशीचं दूध किती निघतं हेसुद्धा कधी खरं सांगत नसे, तेव्हा ते सोडून द्या. तरी पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांना हसवणारी आणि रडवणारी बाई म्हणजे तीच. कारण पंचमीला माहेरवाशिणी वडाखाली जमल्या की राहीबाई गाव व्हायची.

हे जरा नीट सांगायला हवं. खेळ सासुरवाशिणीचा. एकजण सासू व्हायची, एक सून, एक नणंद, एक शेजारीण. नवरा व्हायला कोणी तयार नसे, त्यामुळे तो कायम बाहेरगावी असायचा. उरलेलं सगळं राहीबाई: बैल, पाऊस, तलाठी, पारनेरची एसटी, पारावरच्या लोकांचं बोलणं. कोणी काय बोलायचं ते ठरलेलं नसे. सून म्हणाली, "मी माहेरी पळून जाते," की राहीबाई चिंचोक्यांची अर्धुकं जमिनीवर टाकायची. पांढरी बाजू जास्त पडली तर एसटी मिळाली. काळी पडली तर एसटी गेली आणि वाटेत सासरा भेटला. तिच्या निकालावर अपील नव्हतं.

बहात्तर साली पंचमीला वडाला झोकाच बांधला नाही. पाऊस नव्हता, आणि सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर गेलं होतं. आम्ही बायका खडी फोडायचो. दुपारच्या सुट्टीत सरकारने वाटलेली सुकडी खाऊन बाभळीखाली अंग टाकावं, तर हात असे ठणकायचे की डोळा लागत नसे. एका दुपारी राहीबाईने पदराच्या गाठीतून चिंचोके काढले. गाठीत होते म्हणून वाचले. घरात असते तर त्या साली कोणीतरी भाजून खाल्ले असते.

सुनेचं नाव आम्ही सोनी ठेवलं. ती बहुतेक कडूबाई व्हायची. कडूबाई एकदा सोनी झाली की सुट्टी संपेपर्यंत सोनीच. तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारा, नाहीतर आणखी कशाने, ती ओ द्यायची नाही. सासू चांगुणा. घरी तिच्या सुना तिला हिंग लावून विचारत नव्हत्या, ती सगळी हौस ती इथे भागवून घ्यायची. मी, म्हणजे छबू, कधी नणंद तर कधी सवत. आणि त्या सोनीने काय काय सोसलं! तिला उपाशी ठेवलं, चटके दिले, सवत आणली, तिचं तान्हं गेलं. आम्ही पोट धरून हसायचो. ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. पण घरी ज्याबद्दल तोंड उघडायची सोय नाही ते सोनीच्या अंगावर घातलं की उरलेला दिवस हलका जायचा, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग लंका आमच्या टोळीत आली. लंका गावचीच लेक, गावातच दिलेली, वयाने लहान, बोलायला कमी. राहीबाईने तिला शेजारीण केलं. त्या दुपारी चांगुणा भलतीच रंगात होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जा की मग! विहीर काय कोनी बंद केलीय?" कडूबाई म्हणाली, "जाते!" आम्ही हसलो, आणि राहीबाईने चिंचोके हातात घेतले.

लंका उठली. ती खडीच्या ढिगाजवळ गेली आणि हातोडी घेऊन भर सुट्टीत दगड फोडायला लागली. सुट्टीत काम करणारं माणूस आमच्या कामावरच्या कारभारी मुकादमाने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने घाबरून विचारलं, "काय गं, बरं वाटत न्हाई का?"

लंकेची धाकटी बहीण चंद्री दोन वर्षांपूर्वी सासरच्या विहिरीत गेली होती. पंचनाम्यात पाय घसरला असं होतं. तो कसा घसरला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आम्हालाही होतं. खेळाच्या नादात कोणाच्या ध्यानात राहिलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून लंका एकटी, उन्हात, पाठ करून बसू लागली. सुकडी फडक्यात बांधलेली तशीच घरी न्यायची. राहीबाईने आम्हाला समोर बसवलं आणि एकेक खडा हातात दिला. म्हणाली, "जिला जे खेळात नको, तिनं खडा मधी ठिवायचा आन् सांगायचं. त्ये खेळात यायाचं न्हाई. का म्हनून कोनी इचारायचं न्हाई."

विहिरीचा खडा चांगुणानेच ठेवला, मान खाली घालून. हे योग्यच झालं. पण मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. कडूबाई म्हणाली, दारू पिणारा नवरा नको. तो बाहेरगावी असतो हे सांगून पाहिलं, पण ती म्हणाली, तिथेही पीत असेल. टोळीतली मालनबाई म्हणाली, लेकरू मरायचं नाही. मी सवतीचा खडा ठेवला. शेवटी चांगुणाने जमिनीवरून आणखी एक खडा उचलून ठेवला: सासूला वाईट म्हणायचं नाही.

सोनी सुखी झाली. सकाळी उठली, सासूने तिला चहा दिला. ती पारनेरच्या बाजारला गेली, एसटीत जागा मिळाली, मिरच्या घेतल्या, परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारला गेली. या खेपेला वांगी घेतली. मालनबाई बसल्या बसल्या घोरायला लागली. आमचा खेळ चोरून ऐकण्यासाठी बाभळीमागे बिडी ओढत उभा राहणारा कारभारी मुकादम तिसऱ्या दिवशी पुढे आला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "काय गं, आजबी कायच न्हाई का व्हनार तिला?"

आणि लंका उन्हातच.

कडूबाई चिडली. "तिच्यासाठी विहीर बुजवली, आता आनखी काय पायजे?"

"तिला इचारलं का आपुन?" राहीबाई म्हणाली.

खरंच कोणी विचारलं नव्हतं. तिच्या नावाने खडा ठेवला चांगुणाने, माना डोलावल्या आम्ही. राहीबाई उठली आणि लंकेशेजारी उन्हात जाऊन बसली. मी तिच्यासाठी पाणी घेऊन गेले, म्हणून पुढचं कानावर पडलं.

"विहीर नको म्हनून मी कवा म्हनले?" लंका म्हणत होती. "तुमी समद्या हसत हुता, मावशी. त्ये सोसलं न्हाई. आन् तिनं जगावं का मरावं, त्ये चिंचोक्यांवर." मग म्हणाली, "मी आले की गावात कोनी विहिरीचं नाव काढत न्हाई. घरात आई काढत न्हाई. आता तुमच्या खेळात बी न्हाई. मंग माझी चंद्री गेली कुठं?"

राहीबाईने हातातले चिंचोके पदरात टाकले.  ती म्हणाली, "तू सांग तसं खेळू. चिंचोके टाकनार न्हाई."

"मी विहीर व्हते," लंका म्हणाली.

इतक्या पंचम्यांत विहीर कोणी झालं नव्हतं. विहीर म्हणजे गावाचा भाग, आणि गाव म्हणजे राहीबाई. आपल्यातलं काही तिने कधी कोणाला दिलं नव्हतं, बैलसुद्धा नाही. तिने पदराला गाठ मारली, चिंचोके आत, आणि म्हणाली, "व्हय. हो तू."

लंका सावलीत आली आणि बाभळीच्या बुंध्याशी मांडी घालून बसली. विहिरीने कसं बसायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे कोणी चूक काढली नाही. मुकादम बिडी विझवून उभा राहिला. चांगुणाने सासूचं एकही वाक्य म्हटलं नाही. कडूबाई उठली, डोक्यावर पदर घेतला आणि सावकाश चालत लंकेसमोर येऊन बसली.

"आले गं बाई तुझ्याकडं," सोनी म्हणाली.

 मला वाटलं, लंका पुन्हा उठून जाणार. 

"पानी न्हाई माझ्यात," लंका म्हणाली. "सकाळधरनं बाया रिकाम्या घागरी घिऊन माघारी गेल्या. तू बी जा."

त्या साली कोणत्याच विहिरीत पाणी नव्हतं. ते आम्ही रोज रडत होतो. त्या दुपारी पहिल्यांदा ते ऐकून बरं वाटलं.

पण कडूबाई सोनी झाली की सोनीच. ती हलली नाही. "कुठं जाऊ?" तिने विचारलं.

लंकेने हात पुढे करून तिचं मनगट धरलं.

"माझ्या घरी चल. आदीच यायला पायजे हुतं तू. ऊठ, चंद्रे."

कडूबाईने ओ दिली आणि ती उठली.