दारापासून दुकानापर्यंत

नवरा आमच्या आधीच अमेरिकेला गेला होता. सिंगापूरला जुरोंग आयलंडवरच्या त्याच्या कंपनीने त्याला तिकडच्या एका नदीकाठच्या, ना लहान ना मोठ्या अशा शहरातल्या कारखान्यात बदली दिली. मुलीची परीक्षा झाली की आम्ही दोघींनी जायचं आणि तोवर त्याने घर विकत घ्यायचं, असं ठरलं होतं. म्हणजे त्याने ठरवलं होतं आणि मी मान डोलावली होती.

रोज सकाळी इथे बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये मी पोळ्या लाटत असायचे आणि तिकडे संध्याकाळी तो फोनवरून घरं दाखवत फिरायचा. घरं देखणी, त्यात वादच नाही. एकेक स्वयंपाकघर आमच्या हॉलपेक्षा मोठं. तरी फोन ठेवला की माझं बिनसायचं ते दिवसभर. लिफ्टला उशीर झाला तरी मी चिडायचे, भाजीवाल्या बाईवर उगाच डाफरायचे.

कारण जरा उशिराच कळलं. मला गाडी चालवता येत नाही. इथे त्यावाचून कधी अडलंच नाही. खाली उतरलं की एलआरटीची छोटी गाडी, पुढे एमआरटीची मेट्रो. मैत्रीण, देऊळ, लायब्ररी, कुठेही कुणाला न विचारता जाते.

"आई, ड्रायव्हिंग शिक ना. सो ईझी, लाह," मुलगी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. तिला काय जातंय! लग्नाआधी पुण्यात मी शिकायला गेले होते. समोरून बस आली तशी स्टिअरिंग सोडून डोळे मिटून घेतले. शिकवणाऱ्यानेच हात जोडले.

मग एक घर त्याच्या मनात भरलं. वरच्या खिडकीतून नदी दिसत होती. "उद्या ऑफर देतो," तो म्हणाला.

"थांब," मी म्हटलं. "आधी दारातून निघ आणि जवळच्या दुकानापर्यंत चालत जा. फोन चालूच ठेव."

"चालत? अगं, गाडीने पाच मिनिटं लागतात."

"गाडी मी चालवणार आहे का?"

कुरकुरत निघाला. दोन घरं गेली आणि फूटपाथच संपला. मग तो रस्त्याच्या कडेच्या गवतातून चालायला लागला. फोनमध्ये कधी त्याचे बूट दिसत, कधी आभाळ, आणि शेजारून सुसाट गाड्या. एवढ्यात एक गाडी हळू झाली. आतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काच खाली करून आपुलकीने विचारलं, गाडी बंद पडलीय का, कुठे सोडू का? नवरा म्हणाला, नाही, दुकानात चाललोय. त्यांचा विश्वास बसेना. नक्की ठीक आहात ना, असं पुन्हा विचारून मगच ते गेले.

मुलगी पोट धरून हसली. मला रडू आलं. तव्यावरची पोळी करपली.

"अगं, मी आहे ना," तो धापा टाकत म्हणाला. "म्हणशील तिथे नेईन. कधी नाही म्हटलंय तुला?"

खरंच, कधीच नाही म्हटलेलं. म्हणून तर बोलणं जड जात होतं.

"हे घर नको," मी म्हटलं.

"मग कसलं हवंय तुला?" त्याचा आवाज चढला.

"तुझ्याशी भांडण झालं तर तडक बाहेर पडून एकटीला लांब जाता येईल, असलं. का तेव्हाही तुलाच सांगू, गाडी काढ म्हणून?"