ती झोप नव्हती

मोठ्या आतड्याला जखमा आहेत, असं नांदेडच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासून सांगितलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. गोळ्या सुरू झाल्या, तीन आठवड्यांत शौचातून रक्त पडायचं थांबलं आणि घरच्यांच्या लेखी मी बरा झालो. अंगात बळ मात्र आलं नाही. आंघोळीला तांब्या उचलला की हात अर्ध्यातच खाली यायचा.

"आता काहून लोळून राहिला? ऊठ, चार पावलं चाल," आई म्हणायची.

अंगात बळच नाही, असं मी एकदोनदा सांगितलं; पुढे वाद घातला नाही. हा आळसच असेल, असं मलाही वाटायचं.

त्याच दिवसांत आईला डोळे दाखवायला मोटारसायकलवर हिंगोलीला नेलं. तपासणीसाठी तिच्या डोळ्यांत औषध घातलं. दोन-तीन तास अंधुक दिसेल म्हणाले. आम्ही दुपारीच डोंगरकड्याला परत निघालो. कळमनुरीच्या अलीकडे माझी बोटं जड झाली, मग मान. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तो मला स्वच्छ दिसत होता, पण मनगट वळेना. तो हॉर्न वाजवतच राहिला. अगदी जवळ आला तेव्हा कशीबशी गाडी मातीत उतरवली, आईला "उतर" म्हणालो आणि लिंबाखाली आडवा झालो.

"काय झालं रे?"

ऐकू येत होतं. बोलायला जीभ हलेना.

आईला माझा चेहरा दिसत नव्हता. तिने चाचपडत माझं नाक शोधलं, श्वास लागतो का पाहिलं, मग छातीवर हात ठेवला. तेवढ्यात एक गाडी थांबली.

"भरदुपारीच टाकली काय, मावशी?" एकजण हसला. "थांब, फोटो काढतो," म्हणत दुसऱ्याने मोबाईल काढला.

"आमच्यात कुणी पीत न्हाई!" आई आवाजाच्या दिशेने ओरडली. "आतड्याची बिमारी हाय माझ्या लेकराला. तोंड हुंगून पाह्य त्याचं, अन् मंग काढ फोटो!"

ते निघून गेले. बऱ्याच वेळाने मला उठून बसता आलं.

"रोज असंच व्हतं?"

"व्हय."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

मी सांगितलं होतं, पण तेव्हा ते म्हणवलं नाही. शेवटी बाळापूरच्या एका भांडीवाल्याने गाडी आपल्या टेम्पोत चढवली आणि आम्हाला घरी सोडलं.

पुढच्या खेपेला नांदेडच्या डॉक्टरांसमोर मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली. रक्त तपासलं, ते फार कमी निघालं. लोहाची सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, "रक्त भरून येईल. पण हा थकवा या आजारातच असतो. जखमा सुकल्या तरी काहींचा जात नाही."

माझा निम्मा गेला. उरलेला अजून आहे. तसा दिवस आला की आई माझ्या खोलीचं दार लोटून घेते, आणि कुणी विचारलंच तर आजाराचं इंग्रजी नाव अडखळत का होईना, पुरतं सांगते.