लेकीच्या वर्गात

शाळा बंद होत्या ते वर्ष आमच्या घरात सगळ्यांना वाईट गेलं, मला सोडून. हे मी कुणाला बोलले नाही. बोलणार तरी कसं? आजूबाजूला माणसं जात होती. नवरा तोंड बांधून भीत भीत रेल्वेच्या कारखान्यात जायचा. आणि मी मात्र सकाळी लवकर पोळ्या उरकून वर्ग सुरू व्हायची वाट बघायचे.

वर्ग माझ्या मुलीचा होता, पाचवीचा.

मी चौथी शिकले. गावात शाळाच तेवढी होती. पाचवीला ओढ्यापलीकडच्या गावाला जायचं, मग धाकट्या भावंडांना कोण बघणार, म्हणून माझं नाव काढलं. तेव्हा मी रडले वगैरे नाही. सगळ्याच मुलींची नावं काढायचे. लग्न होऊन चेन्नईला आले, पेरंबूरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. बाहेर सगळं तमिळ, मुलीच्या शाळेत हिंदी आणि इंग्रजी, आणि मी मुळातच चार माणसांत तोंड न उघडणारी. शाळेत पालकांची सभा असली की नवरा जायचा. कधी मला जावंच लागलं तर मी मागच्या बाकावर बसायचे आणि मॅडमनी आपल्याला काही विचारू नये एवढंच मनात म्हणत राहायचे.

मोबाइलवरच्या वर्गात ती भीती नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराशी मी तिला बसवायचे. स्टुलावर तांदळाचा डबा ठेवून त्याला मोबाइल टेकवायचा. ती समोर, आणि मी तिच्या बाजूला जमिनीवर, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, भाजी निवडत. मॅडम हिंदीत शिकवायच्या, मधेच इंग्रजी. टीव्हीमुळे हिंदी मला कळते. इंग्रजी शब्दही पुन्हा पुन्हा कानावर आले की कळायला लागले. मॅडमनी प्रश्न विचारला आणि मुलगी गप्प राहिली की मी हळूच उत्तर सांगायचे. ती ते मोठ्याने म्हणायची. मॅडम म्हणायच्या, "व्हेरी गुड!" आणि माझे कान गरम व्हायचे. एवढं कौतुक माझं कधी कुणी केलं नव्हतं. तिचंच केलं असं मॅडमना वाटत होतं, पण मला माहीत होतं ना.

माझी मुलगी आधी गप्प बसणारी नव्हती. माझ्यासारखी नाहीच ती. खालच्या मजल्यावरच्या अक्कांच्या मुलीबरोबर जिन्यात दंगा, तमिळमध्ये भांडण, दोन दोन पायऱ्या सोडून उड्या. त्या वर्षी तिचा आवाज हळूहळू बंद झाला. ती फ्रॉकची कॉलर चावायला लागली. कॉलरी ओल्या आणि कुरतडलेल्या दिसायच्या. मी रागवायचे आणि शिवून द्यायचे. का चावतेस म्हणून एकदाही विचारलं नाही.

अक्कांनी मात्र विचारलं. मी कपडे वाळत घालत होते, त्या खालून मान वर करून म्हणाल्या, "पाप्पा सत्तमे इल्लैये?" म्हणजे पोरीचा काही आवाजच नाही.

"पडिक्किरा," मी म्हटलं. अभ्यास करतेय. माझ्या मोडक्या तमिळमध्ये ते सांगताना मला अभिमानच वाटला.

"एवढा अभ्यास?" अक्का हसल्या. "कलेक्टर होणार की काय! पाठव गं खाली, माझी पोरगी एकटी भिंतीशी बोलते."

मी हो म्हटलं आणि पाठवलं नाही. खाली गेली की ती लवकर वर यायची नाही, आणि दुपारी मॅडम पुन्हा वर्ग घ्यायच्या.

एका दिवसाचं मला सारखं आठवतं. मॅडमनी सगळ्यांना दोरा घेऊन बसायला सांगितलं होतं. दोऱ्याची टोकं बांधायची आणि जमिनीवर त्याचे वेगवेगळे चौकोन करायचे. लांबट करा, अरुंद करा, चारी बाजू सारख्या करा. दोरा तोच, पण आतली जागा कमीजास्त होते. आता सांगा, सगळ्यात जास्त जागा कशात?

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी मूठभर हरभरे घेतले आणि दोऱ्याच्या आत भरून बघायला लागले. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, पोट दुखतंय. मी जरा आडवी होऊ?"

"थांब, मॅडम आता सांगतील."

"पण मला बसवत नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून बसवलं. "उठलीस तर मॅडम रागावतील," म्हटलं. मॅडम कधी कुणावर रागावल्या नव्हत्या. मलाच ऐकायचं होतं. ती उठली असती तर मोबाइल बंद करावा लागला असता. मग मी हरभरे मोजत राहिले, आणि ती कॉलर तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली. सारख्या बाजूंच्या चौकोनात सगळ्यात जास्त हरभरे बसले. माझं बरोबर आलं होतं. तिच्या पोटाचं मी संध्याकाळी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काही नाही."

आता ती दहावीला आहे. कॉलर चावत नाही. पण परीक्षा जवळ आली की अजून पोट धरून बसते, आणि विचारलं की अजून "काही नाही" म्हणते. मी ओवा देते. आणखी काय देणार?

त्या दोऱ्याच्या दिवसानंतर एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, आज धडा नाही. आज प्रत्येकाने सांगायचं, घरी सगळे कसे आहेत, तुम्हाला काय आवडतं, काय त्रास होतो. एका मुलाने वडिलांची नोकरी गेल्याचं सांगितलं. एकीची आजी वारली होती. एकाने नुसतं कुत्रं दाखवलं. मग हिचं नाव आलं. मी कुजबुजले, "सगळं ठीक आहे म्हण."

तिने माझ्याकडे बघितलं आणि मग मोबाइलकडे बघून हिंदीत म्हणाली, "मॅडम, माझ्या आईला क्लास खूप आवडतो. उत्तरं तीच सांगते. मला नाही आवडत. माझं रोज पोट दुखतं."

मुलं हसली. कुणीतरी माइक चालू करून ओरडलं, "आंटी, हाय!" दुसरा म्हणाला, "आंटी, मला पण सांगा ना उत्तर!" मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं. मी सरकत सरकत गॅसच्या सिलिंडरमागे गेले आणि तिथेच बसून राहिले.

लाज तर वाटलीच. पण लाजेच्याही आधी माझ्या मनात काय आलं ते लिहिते. आता मला वर्गात बसू देणार नाहीत, हे आलं. पोरीचं पोट रोज दुखतं हे त्याच्या नंतर आलं.

मॅडमनी नवऱ्याला फोन केला. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने अंघोळ करून चहा घेतला आणि म्हणाला, "मग? पाचवीत पहिला नंबर कुणाचा येणार, हिचा की तुझा?"

मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली नव्हती.

मग नवऱ्याचा आवाज बदलला. "मॅडम म्हणाल्या, रोज निदान एका तासाला तिला मोबाइलसमोर बसवू नका. खेळू द्या. हजेरीचं त्या बघतील. आणि उत्तरं सांगू नका म्हणाल्या. तिला चुकू दे."

"बरं," मी म्हटलं.

सोमवारी शेवटच्या तासाला मी तिला अक्कांच्या मुलीबरोबर गच्चीवर पाठवलं. शेवटचा तास गणिताचा. ती गेली. मोबाइल मी बंद केला नाही. कॅमेरा झाकला, आवाज कमी केला आणि तिच्या जागी बसले. कुणाचं काय बिघडतंय, असं स्वतःला म्हटलं. मॅडम शिकवत होत्या आणि मी ऐकत होते. मग त्यांनी मुलीचं नाव घेतलं. "बेटा, ऐकतेस ना?"

उत्तर मला येत होतं. मॅडमनी पुन्हा एकदा नाव घेतलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. ती काळजी माझ्या मुलीसाठी होती, आणि तिथे मी बसले होते. मी लाल बटण दाबलं आणि गच्चीवर गेले.

जिन्यातच तिचा आवाज ऐकू आला. किती महिन्यांनी ऐकला. तमिळमध्ये कडाकडा भांडत होती, अक्कांच्या मुलीचा पाय रेघेवर पडला होता म्हणून. अक्कांनी एका बाजूला चटईवर वडाम, म्हणजे तिकडच्या तांदळाच्या कुरडया, वाळत घातले होते आणि दुसऱ्या बाजूला दोघींनी खडूने ठिकरीची घरं आखली होती. मी दारात उभी राहिले. एका पायावर उडी मारता मारता तिने मला बघितलं. दुसरा पाय लगेच खाली टेकला.

"येते, येते," म्हणत ती चप्पल शोधायला लागली. "आलेच. चिडू नकोस."

"कशाला? खेळ की."

तिने आधी माझ्या हातांकडे बघितलं. मोबाइल आहे का ते बघत होती.

"मॅडमनी माझं नाव घेतलं?"

"घेतलं."

"मग तू उत्तर सांगितलंस?"

"नाही. बंद करून आले."

तिला ते खरं वाटलं नसावं. ती परत खडूच्या घरात उभी राहिली, ठिकरी टाकली, उडी मारली आणि माझ्याकडे बघितलं. पुन्हा उडी, पुन्हा बघितलं. अक्कांची मुलगी ओरडली, "अगं, खेळतेस की नाही?" रेघेवर पाय पडला तरी ही भांडली नाही.

मी इथे उभी आहे तोवर ही खेळणार नाही, हे कळायला मला जरा वेळच लागला. मग मी खाली आले. घरात येईपर्यंत माझा कान वरच होता. वरून आवाज आला नाही.