दिवाणजींच्या वाटचा शिरा

कुणाच्याही घरी जेवायला पाटावर बसले की दिवाणजी आधी डावा हात ताटावर आडवा धरायचे. वाढणारी बाई अजून उंबऱ्यातच असायची, तिच्या हातात काय आहे हेही दिसलेलं नसायचं, तरी हात आडवा. "माह्या ताटात भाकर पडू द्या जी," ते म्हणायचे, "बाकी तुमचं चालू द्या."

मग आग्रह सुरू व्हायचा. यजमान, यजमानाचा भाऊ, दाराआडून यजमानीण. आणि तो हात हळूहळू ताटाच्या काठाकडे सरकू लागायचा. किती सरकतो यावरून मी ओळखायचो की आता बुंदी पडणार का पुरणपोळी. तुम्हीही असा एखादा हात पाहिला असेल. नकार देणारा, पण मनातून हरायला बसलेला.

मलकापूरच्या एका अडत दुकानात ते दिवाणजी होते आणि मी वजनकाट्यावर. राहायलाही आम्ही शेजारी. महाराष्ट्र नवा नवा होता आणि साखर कंट्रोलची होती. त्यामुळे खेड्यात साखरेला सोन्याचा मान होता. घरच्यांनी गुळाचा चहा प्यायचा आणि साखर डब्यात तळाशी पाहुण्यासाठी जपून ठेवायची. तो पाहुणा जर "बिनसाखरेचा द्या" म्हणाला, तर ज्या घराने महिनाभर डबा झाकून ठेवला त्याचं काय व्हावं? एका घरी तर म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दिवाणजींनी तो चहा प्यायला, आणि वर आणखी अर्धा कप मागून घेतला.

पगार त्यांना अडत्याचा होता, पण खरं काम म्हणजे सोयरिकी जुळवणं. कापसाची गाडी रिकामी केली की शेतकरी गादीवर टेकायचा आणि म्हणायचा, "दिवाणजी, पोरीसाठी एखादं ठिकाण पाहा ना." दिवाणजी पाहायचे. त्यांची पारख साधी होती. "वजनासाठी कापसाले पानी मारते त्याच्या घरी आपून पोरगी देत नाई," असं ते मला सांगायचे. "जो कापूस भिजवते, तो सुनेले का सुखी ठेवन?" ह्या एका कसोटीवर त्यांनी निम्म्या जिल्ह्याचे संसार लावून दिले होते. बिदागी कधी घेतली नाही. मोबदला मिळायचा तो सगळा ताटात.

अशा माणसाला डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला. दुकानातला माठ एकटे दिवाणजीच संपवतात हे लक्षात आल्यावर मालकांनी त्यांना बळेच दवाखान्यात पाठवलं होतं. साखर, गूळ, भात, बटाटा, सगळं बंद. भाकरी, पालेभाजी आणि ताक तेवढं चालू. शिवाय एक काचेची नळी, निळ्या औषधाची बाटली आणि स्पिरिटचा दिवा घरी आला. सकाळी लघवीचे थेंब त्या निळ्या औषधात टाकून नळी तापवायची. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर सांभाळा, आणि विटकरी झालं तर साखर पुष्कळ.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, ही तपासणी बाहेरच्या ओट्यावर करायची, कारण आत दिवा लावला की वास कोंडायचा. त्यामुळे दिवाणजींच्या तब्येतीची बातमी सगळ्या गल्लीला चहाआधी मिळायची. "कोन्या गावाले गेलते काल?" समोरची बाई झाडू थांबवून विचारायची. "विटकरी दिसू राह्यलं!"

"नांदुऱ्याले," वहिनी नळीकडे पाहत म्हणायची. "बासुंदी असन."

बासुंदीच असायची.

पथ्य असलेल्या माणसाला कसं खाऊ घालावं याचं शास्त्र आमच्या लोकांनी फार पुढे नेलं होतं. "यात साखर नाई, गूळ हाये, गूळ थंडा असते." "हे तर घरच्या उसाचं, इकतचं नाई." "परसादाले का पथ्य?" एका यजमानाने उजव्या हाताला लाडू आणि डाव्या हाताला कारल्याचा रस ठेवला. "हे खा, मंग हे प्या. बराबर होऊन जाते." दिवाणजींनी दोन्ही संपवलं. कुणी जांभळाच्या बियांची पूड द्यायचं, कुणी बेलाची पानं, आणि ते औषध कडू म्हणून मागोमाग पेढा. डॉक्टरने एक वस्तू बंद केली की चार गावं ती चालू करायला तयार.

मीही काही शहाणा नव्हतो. परत येताना एसटीत आम्ही त्या बासुंदीची चर्चा करत यायचो.

मग एका कार्तिकात नवी चप्पल चावली आणि त्यांच्या अंगठ्याला जखम झाली. ती भरेना. डॉक्टरांनी जखम धुतली, वास घेतला आणि सांगितलं, "दिवाणजी, आता एक तर पथ्य पाळा, नाहीतर पाय सोडा." दुकानात येऊन त्यांनी हे हसत हसत सांगितलं. दुसरं कुणी हसलं नाही. घरी वहिनीने त्यांचा हात आपल्या गळ्यावर ठेवून वचन घेतलं. त्या दिवसापासून माणूस खरोखर बदलला. हात ताटावर आडवा यायचा आणि तिथेच राहायचा.

त्याच महिन्यात देऊळघाटच्या एका शेतकऱ्याच्या घरी त्याच्या मुलीची सोयरीक होती. मुलगा लोणारकडचा, बीबीचा, शाळेत मास्तर. मुलगी दिवाणजींनी लहानपणापासून पाहिलेली, बापाच्या गाडीवर कापसात बसून बाजारात यायची. आमच्याकडे रीत अशी, की बोलणी ठरली म्हणजे पहिला गोड घास मध्यस्थाने घ्यायचा. त्याने घेतला म्हणजे दोन्ही घरं त्याने पारखली, त्याचा भरवसा मिळाला. मग बाकीचे खातात.

बोलणी ठरली. मुलगीच शिऱ्याची ताटली घेऊन आली. दिवाणजींनी हात आडवा धरला.

"पथ्य हाये जी. तुमी सुरू करा."

मुलाचे मामा समोर बसले होते. बारीक नजरेचा माणूस. ते म्हणाले, "पथ्य तर मागच्या महिन्यात मेहकरालाबी होतं. तिथं तुम्ही दोनदा बुंदी घेतली. मी शेजारीच बसलो होतो की."

"तवा घेतली. आता बंद केलं."

"आजपासूनच बंद?"

दिवाणजी खरं सांगत होते आणि ते कुणालाच खरं वाटत नव्हतं. हा माणूस कुणाच्याही घरी दोन आग्रहात वाकतो, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. आज वाकत नाही म्हणजे ह्या घरात काहीतरी आहे. मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "घ्या जी एक घास. पोरीचं काम हाये." दिवाणजींनी हात उचलला नाही. शिरा गार झाला. मामा उठले. "घरी विचार करून कळवतो," म्हणाले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गाड्यांवर बातमी आली, की मुलीच्या पाठीवर कोड आहे. दुपारपर्यंत तिला फिट्स यायला लागल्या होत्या. संध्याकाळी तिचा बाप आला. गादीवर बसला नाही, खालीच टेकला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "दिवाणजी, माह्या पोरीत काय पाह्यलं तुमी?"

दिवाणजी त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी वहिनीने विचारलं, "बीबीले जाऊन शिरा खाऊन येता काय?"

"नाई. तुही नळी दे. आन दिवा."

आम्ही दोघं निघालो. एसटी बदलत बदलत बीबीला जायचं होतं. त्यांनी नळी, बाटली आणि दिवा एका पिशवीत धोतराच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरले होते. मग मला म्हणाले, "एक घोर लागून राह्यला बे. इतके दिवस कडक पथ्य केलं म्या. आज निळंच राह्यलं तं?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. निळं राहिलं तर पाय वाचणार आणि मुलगी बदनाम. विटकरी झालं तर उलटं. मेहकरच्या स्टँडवर हॉटेलच्या काचेत गुलाबजाम दिसत होते. मी तिकडे बोट दाखवलं. "एखादा खाऊन घ्या. काम पक्कं होईन."

त्यांनी गुलाबजामकडे पाहिलं. अगदी प्रेमाने पाहिलं. "वचन हाये," म्हणाले आणि पुढच्या गाडीत चढले.

बीबीला ओसरीवर चारपाच मोठी माणसं जमली. मामांनी ताटलीत शिरा आधीच मागवून ठेवला होता. "बोलणं नको दिवाणजी. खा आन मोकळे व्हा."

"मले गोठा कुठं हाये ते सांगा," दिवाणजी म्हणाले. हातात पेला घेऊन ते गोठ्यामागे गेले आणि परत आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओसरीवर मानाने बसलेला हा माणूस पेल्यावर हात झाकून, मान खाली घालून येत होता. त्यांनी दिवा लावला, निळं औषध ओतलं, थेंब टाकले आणि नळी आचेवर धरली.

"हे काय करणी-बिरणी?" एक म्हातारा मागे सरकला.

"माही लघवी हाये," दिवाणजी म्हणाले. "साखर असन तं लाल होईन. पोरीत खोट नाई, माह्यात हाये. पाहा."

सगळे वाकले. नळीत निळं होतं. बुडबुडे आले तरी निळंच. मामा म्हणाले, "हे तर निळंच आहे." दिवाणजींच्या कपाळावर घाम आला. मग कडेने हिरवट छटा चढली, मग पिवळी, आणि बघता बघता सगळी नळी विटकरी झाली, कौलासारखी.

"पाहा!" दिवाणजी ओरडले. "पाह्यलं काय जी? मी म्हनलं होतं ना!" इतका आनंदलेला मी त्यांना बासुंदीपुढेही पाहिला नव्हता. ओसरीवर सगळे हसले, मामांनी मान डोलावली. मी मात्र नळीकडेच पाहत राहिलो. इतक्या दिवसांचं कोरडं पथ्य, आणि रंग हा. त्यांनाही ते कळत असणार. नळी खाली ठेवताना त्यांनी पाय धोतराखाली ओढून घेतला.

मामांची अजून एक अडचण होती. "खरं आहे, पण रीतीचं काय? मध्यस्थानं घास तर घ्यायला पाहिजे."

तेव्हा आतून मास्तर आला. त्याने दिवाणजींपुढची ताटली उचलली. "त्यांच्या वाटचं मी खातो," म्हणाला आणि उभ्या उभ्या सगळा शिरा संपवला. पारख बरोबर होती म्हणायची.

चैत्रात दिवाणजींचा पाय घोट्यापासून काढावा लागला. बुलढाण्याच्या दवाखान्यात ते महिनाभर होते. पावसाळ्यात गेलेच ते. दुकानातल्या त्यांच्या गादीवर मालकांनी दुसरा माणूस बसवला, त्याला कापूस कळायचा, माणसं कळायची नाहीत. मला दिवाणजींची फार आठवण येते.

दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो, तो दिवस नेमका देऊळघाटच्या लग्नाचा होता. खाटेजवळच्या फळीवर भेटायला आलेल्यांनी आणलेली द्राक्षं, केळी आणि पेढ्यांचे पुडे रचले होते. साखरेच्या रोग्याला पाहायला रिकाम्या हाताने कसं यायचं? संध्याकाळी खाली ट्रक थांबला. लग्न लागून नवरी बीबीला निघाली होती. ती वर आली, मुंडावळ्या तशाच, पायात नवी जोडवी, मागे मास्तर. तिच्या हातात डबा होता.

"काका, लग्नाचं जेवन आनलं."

डब्यात ज्वारीची भाकरी होती आणि मेथीची भाजी. हळद लागलेल्या मुलीने चुलीपुढे बसायचं नसतं. ही पहाटे बसली होती, आईने ओरडूनही उठली नाही.

बाहेरच्या कुणी त्यांच्यासाठी पथ्याचं म्हणून रांधलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. दिवाणजी उठून बसले. एक भाकरी संपली. खाली मामा भोंगा वाजवायला लावत होते. दिवाणजींनी रिकाम्या ताटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि जरा लाजत विचारलं,

"आनखी हाये काय वो?"

"हाव काका, लई हाये," ती म्हणाली, आणि शालूचा पदर खोचून वाढायला बसली.