साळवेकाकांचं नाक

साळवेकाका चहा घ्यायचे तो आधी नाकाने. कप नाकाखाली धरून क्षणभर डोळे मिटायचे आणि मग यजमानांना त्यांच्याच स्वयंपाकघराची बातमी सांगायचे. ते श्रीरामपुरात आमच्या कॉलनीत राहायला आले, तेव्हा शेजारी म्हणून मी त्यांना आणि सुशीलाकाकूंना चहाला बोलावलं. कप नाकाखाली गेला, डोळे मिटले आणि ते म्हणाले, "बाई, दूध कालचं हाय. अन् ह्या पातेल्यात सकाळी कांदा परतला हुता." दोन्ही खरं होतं. आमच्या मैत्रीची सुरुवात या वाक्याने झाली असं मी आता लोकांना सांगते. त्या दिवशी मात्र या माणसाला पुन्हा पाणीसुद्धा विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

ते साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. ज्या मळीच्या वासाने आम्ही खिडक्या लावून घेतो, त्या वासात त्यांनी अख्खी नोकरी काढली. एवढी दारू हाताखालून गेली, पण त्यांनी थेंब चाखला नव्हता. कारण विचारलं की म्हणायचे, "मीच बनवायचो ना. आत काय हाय ते म्हाईत हुतं."

निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलीने त्यांना एका वायनरीत फिरवून आणलं आणि काकांना नवं खूळ लागलं. आमच्या भागात तेव्हा वायनऱ्यांची साथ आली होती. सह्याद्रीच्या बाजूला जरा गार वारा लागला की कुणीतरी तिथे द्राक्षं लावायचं, लाकडी बाकं टाकायचं आणि 'थंड हवेतली वाईन' अशी पाटी रंगवायचं. काकांना त्या सगळ्या बघायच्या होत्या. गाडी माझ्याकडे होती आणि मी दारूला शिवत नव्हते. एवढ्या दोन गुणांवर मी त्यांची ड्रायव्हर झाले. कॉलेजात जन्मभर मराठी शिकवून जे पद मिळालं नाही, ते असं सहज मिळालं.

काकू मागच्या सीटवर भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली घेऊन बसायच्या. "मी देवळात प्रभुभोजनाला घोटभर घेते, तेवढी मला पुरे," म्हणायच्या. चर्चला त्या देऊळच म्हणत. कॉलनीत आमच्याबद्दल काय बोललं जायचं ते आमच्यापर्यंत नीट पोचत होतं. निवृत्त प्राध्यापिका एका केमिस्टाला आणि त्याच्या धर्मभोळ्या बायकोला दर महिन्याला दारू पाजायला नेते, असा त्याचा गोषवारा होता.

वायनरीत गेल्यावर काका अत्यंत नम्र व्हायचे. हेच त्यांचं घातक रूप. एका ठिकाणी पांढऱ्या शर्टातला तरुण ग्लास फिरवत सांगत होता, "सर, यात तुम्हाला पीच, लिची आणि शेवटी ओल्या दगडाच्या नोट्स मिळतील."

"कोनता दगड?" काकांनी विचारलं. "प्रवरेतला का मुळेतला?"

"सर, म्हणजे… जनरल दगड."

"न्हाई, वास येगळा येतो म्हून इचारलं."

दुसऱ्या ठिकाणी लाल वाईनमध्ये तंबाखू आणि जुनं चामडं असल्याचं कळल्यावर ते आनंदाने काकूंकडे वळले. "बघ, तुझ्या भावाचा कोट." काकूंनी तोंडाला पदर लावला आणि तिथला तरुण ग्लास फिरवायचं सोडून आमच्याकडेच बघत राहिला.

चेष्टा करून झाली की मात्र ते गप्प होऊन खरोखर वास घ्यायचे. मग गाडीत मला शिकवायचे, "हितली रात्र गार असती, म्हून द्राक्षाचा आंबटपना टिकतो. खाली आपल्याकडं रात्रीबी ऊन पडल्यागत असतं, तिथं नुसती साखर हुती." मला त्यातलं काही चाखायचं नव्हतं, पण ऐकायला आवडायचं.

अश्विनीची वायनरी भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला होती. पुण्यातली नोकरी सोडून निसर्गाकडे परतलेल्यांपैकी ती एक. नवरा लवकरच लॅपटॉप घेऊन पुन्हा पुण्याकडे परतला होता आणि निसर्ग हिच्याकडे राहिला होता. सासऱ्यांच्या डोंगरउतारावर तिने द्राक्षं लावली होती आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये स्टीलच्या दोन टाक्या उभ्या केल्या होत्या. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने स्वतः ग्लास भरून दिला. वर्णन काहीच केलं नाही.

काकांनी वास घेतला. "हे काय हाय?"

"वाईन."

"कवापासून?"

मला वाटलं, पोरगी आता रडेल किंवा आम्हाला हाकलेल. तिने ग्लास परत घेतला, स्वतः वास घेतला आणि विचारलं, "नेमकं कुठे चुकलं, काका?"

काका त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत. टाक्यांची झाकणं उघडून पाहिली, नळीत बोट घालून हुंगलं. शेवटी म्हणाले, "वाईन करनं मंजी निम्मं आयुष्य भांडी घासनं. ते जमनार असंल तर मी येत जाईन." तिला जमणार होतं. तेव्हापासून बाकीच्या वायनऱ्या सुटल्या आणि आमची गाडी श्रीरामपूरहून निघून संगमनेर, अकोले करत थेट तिच्याच शेडपाशी थांबू लागली. काका तिला भरपूर बोलायचे. तीही ऐकून घ्यायची आणि पुढच्या खेपेला तीच चूक झालेली नसायची. माझ्या एकाही विद्यार्थ्याने माझ्यावर अशी मेहेरबानी केलेली मला आठवत नाही.

पुढच्या पावसाळ्यात काकांना ताप आला. आठवडाभराने ते बरे झाले आणि माझ्याकडे चहाला आले. कप सरळ ओठांशी गेला. दूध त्या दिवशी करपलेलं होतं. मला वाटलं, आजारपणाने माणूस सभ्य झाला.

मग एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले, तर दारातच गॅसचा वास अंगावर आला. काकू बाजारात गेल्या होत्या. शेगडीचं बटण सुरू होतं, जाळ विझलेला होता आणि काका शेजारीच खुर्चीत शांतपणे पेपर वाचत बसले होते. मी धावत जाऊन बटण बंद केलं आणि खिडक्या उघडल्या. काकांनी आधी माझ्याकडे आणि मग शेगडीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"तापात गेलं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हनतो, येईल न्हाईतर येनार न्हाई. डॉक्टर लई हुशार हाय."

"काकूंना सांगितलंत?"

"तिला म्हाईत हाय. अश्विनीला न्हाई. तुमी गप ऱ्हा, बाई."

गप्प बसण्यात मला अडचण नव्हती. प्राध्यापकांच्या सभांना मी उगाच बसले नव्हते. पण पुढच्या खेपांना काका टाकीजवळ जायचे, ग्लास नाकाखाली धरायचे आणि काहीतरी मोघम बोलायचे, ते मला बघवत नव्हतं. बोलणं तेवढं तिखट ठेवलं होतं त्यांनी. आत मात्र काही नव्हतं.

दिवाळीनंतर अश्विनीने आम्हाला मुद्दाम बोलावलं. दोन्ही टाक्या तयार होत्या, बाटल्या धुऊन ठेवल्या होत्या. धरणाच्या बाजूचा एक हॉटेलवाला सगळा माल उचलायला तयार होता आणि तो आपल्या दोन मित्रांना घेऊन आला होता. सासरे स्वच्छ टोपी घालून दाराशी उभे होते. या सुनेच्या खुळापायी त्यांनी भावकीची बरीच बोलणी खाल्ली होती.

अश्विनीने दोन ग्लास काकांपुढे ठेवले. "काकांनी हो म्हटलं की भरायला घेऊ."

काकांनी पहिला ग्लास उचलला. नाकाखाली धरला, डोळे मिटले. सगळे थांबले. आता ते नेहमीप्रमाणे काहीतरी मोघम ठोकून देतील आणि वेळ निभावून नेतील, अशी माझी खात्री होती. हॉटेलवाल्याला तर हो एवढंच ऐकायचं होतं. काकांनी ग्लास खाली ठेवला.

"पोरी, मला वास येत न्हाई," ते म्हणाले. "पावसाळ्यातल्या तापात नाक गेलं. तवापासून मी तुला नुसतं फसवीत हुतो. आता तुझं तू बघ."

हॉटेलवाला हसला. "राहू द्या हो, गिऱ्हाईकाला तरी कुठे कळतंय."

"तिला कळतंय," काका म्हणाले. "घे पोरी. वास घे अन् सांग."

तिने पहिला ग्लास हुंगला आणि मान डोलावली. दुसरा नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"नेलपॉलिशसारखा वास येतोय," ती हळू म्हणाली. "थोडाच."

"मग?"

"वाढत जाईल तो."

"मग?" काकांनी तोच प्रश्न तशाच आवाजात पुन्हा विचारला.

"ही टाकी नाही भरायची."

सासरे दारातून म्हणाले, "आगं, पन वरीसभर राबलीस की." हॉटेलवाल्याने अर्ध्या मालासाठी आपण एवढा घाट चढून आलो नसल्याचं सांगितलं आणि मित्रांना घेऊन निघून गेला. एका टाकीच्या बाटल्या भरल्या. दुसरी टाकी तिने ओतून दिली. परतीच्या वाटेवर राजूर आलं. तिथे काकांनी काकूंकडे भाकरी मागितली.

पुढल्या थंडीत ते गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. कॉलनीने शोकसभा घेतली, आणि ज्यांनी त्यांना बेवडा ठरवलं होतं त्यांनीच त्यांच्या निर्व्यसनी आयुष्यावर भाषणं केली. एकाने तर रुमालही काढला.

अश्विनी दफनाला पोचू शकली नाही. दोन दिवसांनी आली. मी काकूंकडेच होते. ती काकूंसमोर बसली आणि एकदम म्हणाली, "काकू, मला माहीत होतं. त्यांना वास येत नाही ते मला आधीच कळलं होतं. दुसरी टाकी बिघडलीय, तेही मला माहीत होतं."

"मग त्यांना विचारलंस कशाला?" मी म्हटलं.

"त्यांनी हो म्हणावं म्हणून. ते हो म्हणाले असते तर मी भरून टाकली असती. नंतर कुणी बोललं असतं, तर काकांनीच सांगितलं होतं म्हणाले असते."

काकूंनी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला.

"त्यांना ठावं हुतं, बाळा," त्या म्हणाल्या. "त्या दिशी घरी आल्यावर मला म्हनले, पोरीला आपलं आपल्याला कळत हुतं, तरी मला इचारून माझ्या आडून निसटाया बघत हुती. मी निसटू दिली न्हाई."

अश्विनीने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. काकू उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "लई खूश हुते गं त्या दिशी."