भेगेवरची काच

मी ठाण्याला निघाले त्या सकाळी बाबांना घराचं दार लावता येईना. चौकट तिरपी झाली होती. खांद्यानं दार रेटत ते म्हणाले, "जाय तू, गाडी निघून जाईन. मी पाह्यतो." मला वाटलं, लाकूड फुगलं असेल. लाकूडबिकूड काही नव्हतं. आमच्या वणीकडच्या गावाखालून कोळसा काढत होते, आणि छताला आधार म्हणून खाली ठेवलेले कोळशाचे खांबही आता काढून घेत होते. वरची जमीन बसत चालली होती.

खाणीचा सर्वेवाला यायचा. भिंतीला भेग दिसली की तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून जायचा. काच तडकली म्हणजे जमीन अजून हलतेय, इतकं सोपं. ज्यांच्या काचा तडकतील त्यांना दुसरीकडे घर मिळणार होतं. पण काच कशासाठी आहे, हे आम्हा बायकांना सांगायची कुणाला गरज वाटली नाही. आमची तडकली तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. आमच्याकडे दिवाळीला घर पोतारतात. आईनं काच खरवडून काढली, भेग मातीनं बुजवली आणि वरून चुना दिला. "सणाले भेगा उघड्या ठेवतेत का कोनी?" असं वर मलाच विचारलं.

काचा तपासायला खाणीचे साहेब आले. पांढरी भिंत पाहिली, घर ठीक आहे म्हणाले आणि पुढच्या दारात गेले. चुना ओला होता. भिंतीला बोट लावून पाहायचेही कष्ट त्या माणसानं घेतले नाहीत.

आता मी ठाण्याजवळ दिव्यात राहते आणि नौपाड्यात एका इंजिनिअरच्या ऑफिसात हेच काम करते. शेजारी बिल्डर पाया खणतो, जुन्या सोसायटीच्या भिंतीला केसाएवढी चीर पडते, आणि आम्ही काचा घेऊन धावतो. एक आजोबा रोज भिंगातून काच बघतात. "मॅडम, जरा येऊन जाता का, मला शंका येतेय." तेवढ्यावर बिल्डरचं खोदकाम थांबतं. आजोबांचं काही चुकत नाही. पण माझ्या आईच्या भिंतीला अशी किंमत कधी मिळाली नाही, आणि ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

गावातल्यांनो, तुम्ही फोनवर म्हणता, तू सुटलीस. माझ्यासारखे बाहेर पडलेले म्हणतात, आईबाबांना घेऊन ये इकडे. कुठे आणू? हंडाभर पाण्यासाठी भांडणाऱ्या चाळीतल्या एका खोलीत? आणि का आणू? जमीन खाणवाल्यांनी पोखरली, घर आम्ही सोडायचं, तेही गुपचूप?

यंदा दिवाळीला मी रजा टाकून गेले. भेग पुन्हा उघडली होती. माझ्या हातानं काच लावली, ती कशासाठी ते आईला सांगितलं आणि बजावलं, ही भिंत पोतारायची नाही. सणाचे चार दिवस पाहुण्यांसमोर ती मान खाली घालून वावरली, पण भिंतीला हात लावला नाही.

परवा नौपाड्यात शिडीवर असताना तिचा फोन आला. "तडकली वं पोरी, मधातून तडकली. आता तं साहेबाले दिसन." आवाजात आनंद मावत नव्हता. मीही म्हणाले, बरं झालं. फोन ठेवला आणि शिडीवरून खाली उतरले.

घर म्हटलं की आता मला तो फोनच आठवतो. स्वतःचं घर फुटलं म्हणून माझ्या आईला आनंद व्हावा, या थराला ज्यांनी तिला आणलं, त्यांना मी माफ करणार नाही.