शेजारी ठेवायची काडेपेटी

आमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचे फोटो त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये निघतात आणि ते इथल्या एकाच कॉम्प्युटरवर उघडतात. त्यामुळे पडदे ओढलेल्या या खोलीत बसून मी दिवसभर त्यांचे साधे फोटो करते. रंग बाहेर येतो. माप मात्र मूळ फाइलच्या पोटातच राहतं.

काल त्यातला एक आईला पाठवला. कांद्याच्या मुळाच्या पेशी. तिचा लगेच फोन.

"गोधडीचा तुकडा वाटतोय गं. केवढा आहे?"

"नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, एवढा."

"मग शेजारी काडेपेटी ठेवून काढायचा की! तुझ्या मावशीला काय सांगू मी?"

आमच्याकडे मारलेल्या विंचवाचाही फोटो शेजारी काडेपेटी ठेवूनच काढतात. मी हसले, पण ते हसू फार टिकलं नाही.

घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण सुट्टीत घरी गेले की माझाही असाच साधा फोटो होतो. सगळ्यांना ओळखू येते, भाकरी थापते, आणि मी करते ते काम केवढं, हे इथेच बंद राहतं. इथल्यांना तरी आमचं घर कुठे दिसतं?

शेवटी त्या फोटोवर मी मापाची एक पांढरी रेघ ओढली, खाली 'पन्नास मायक्रॉन' असं लिहिलं आणि आईला पुन्हा पाठवला.

"रेघ दिसली," आई म्हणाली. "पण ती रेघ केवढी आहे, ते सांग ना."